सिनेमातल्या गाड्या: गॅरेजच्या बाकावर आणि शाळेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज आहे. गाडी दुरुस्तीला आणलेला माणूस काम होईपर्यंत बाकावर बसतो आणि बोलणं फिरून फिरून सिनेमावर येतं. आजूबाजूच्या दोन-तीन शाळांनी मला सिनेमातल्या गाड्यांवर बोलायला बोलावलं, तेव्हापासून मोबाइलवरही प्रश्न येतात. तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. सोपे प्रश्न आधी आहेत. कायद्याचे आणि अडचणीचे शेवटी.

१. सिनेमात हिरोची गाडी एकच असते की अनेक?

बहुतेक वेळा अनेक. जवळून दाखवायला एक चकचकीत, पळवायला दुसरी, आपटायला तिसरी. कधी आतलं बोलणं टिपायला छप्पर कापलेली चौथीही असते. १९६८च्या 'बुलिट'मध्ये स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी फोर्ड मस्टँग सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर उड्या घेते. त्यासाठी दोन मस्टँग होत्या आणि उड्यांचा मार सोसावा म्हणून त्यांचं सस्पेन्शन बळकट केलं होतं. त्यांतली एक जानेवारी २०२०मध्ये लिलावात शुल्कासह ३७ लाख डॉलरच्या वर गेली.

हाच पाठलाग नीट बघा. खलनायकांच्या काळ्या डॉज चार्जरच्या चाकांची झाकणं निखळत जातात, आणि मोजलीत तर चारपेक्षा जास्त भरतात. एक हिरवी बीटल गाडी पुन्हा पुन्हा वाटेत येते. एकच धाव अनेक कॅमेऱ्यांनी टिपली आणि ते तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी जोडले, म्हणून असं झालं. त्या जोडणीसाठी संकलक फ्रँक केलर यांना ऑस्कर मिळालं आणि ते त्यांचं हक्काचं होतं.

२. गाडी खरंच तेवढ्या जोरात पळते का?

कधी खरंच पळते. 'बुलिट'मध्ये ताशी १७५ किलोमीटरच्या पुढे गेली होती. पण बहुतेक वेळा वेग कॅमेरा तयार करतो. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं दाखवली जातात. चित्रण करताना सेकंदाला १८च घेतली आणि दाखवताना २४ दाखवली, तर ताशी ४०ने धावणारी गाडी ५३ने धावल्यासारखी वाटते. १२ घेतली तर ८०. फार ताणलं की माणसं कळसूत्री बाहुलीसारखी चालायला लागतात, म्हणून जाणकार थोडंच ताणतात.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या उंचीची. काळीपिवळीच्या मागच्या फळीवर बसून कधी खाली डांबराकडे बघा. ४०चा वेग ८०सारखा भासतो. मान वर करून लांबच्या टेकडीकडे बघितलं की गाडी जागची हलतच नाही असं वाटतं. पाठलागात कॅमेरा रस्त्यापासून वीतभर उंचीवर बांधतात तो यासाठीच. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, दोरीला चिकटून उभा राहिलेला माणूस आणि लांब झाडावर चढलेला माणूस, दोघं एकच जोडी बघतात, पण छाती पहिल्याचीच धडधडते.

३. सिनेमात गाडीचं चाक उलटं का फिरतं?

शाळेतला सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तर पाटीवर हिशेब मांडूनच द्यावं लागतं.

पाच आऱ्यांचं चाक घ्या. दोन चित्रांच्या मधल्या वेळात ते बरोबर एक पंचमांश फिरलं, तर एका आऱ्याच्या जागी दुसरा येतो. सगळे आरे सारखेच, म्हणून चाक थांबलेलं दिसतं. त्याहून जरा कमी फिरलं, तर प्रत्येक चित्रात आरा थोडा मागे राहतो आणि डोळ्याला चाक मागे जाताना दिसतं. चाकाचा घेर २ मीटर धरला तर थांबल्यासारखं दिसायचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर येतो. उलटं दिसतं ते त्याच्या जरासं खाली.

मग बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक सिनेमात उलटं का फिरत नाही, असं एका मुलीने विचारलं होतं. बारा आरे आणि ४ मीटर घेर धरून आम्ही दोघांनी हिशेब केला. उलटं दिसायला बंडी ताशी १४च्या पुढे धावायला हवी. बैल चालीने चालतात तेव्हा ती चार-पाचच्या वर जात नाही. पटाच्या बैलांचं चित्रण केलं तर मात्र उलटं दिसू शकेल. तो हिशेब तिने स्वतः पूर्ण केला.

४. गाडीले गोळी लागली की भडका होते, हे खरं आहे काय भाऊ?

नाही. द्रव पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते. तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळलेली असेल तेव्हाच. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच पुरत नाही. साध्या गोळीने टाकीला भोक पडतं आणि पेट्रोल गळतं. पडद्यावरचा आगीचा लोळ स्फोटकांचं काम करणारी माणसं वेगळी दारू आणि पेट्रोल ठेवून, लांबून ठिणगी देऊन उडवतात.

पण या सिनेमांमुळे एक उलटा समज पक्का झाला आहे, तो मात्र जिवावर बेततो. लोकांना भरलेल्या टाकीची भीती वाटते आणि रिकामी टाकी बिनधास्त वेल्डिंगला आणतात. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा नेमकी पेटण्याजोगी मिसळलेली असू शकते. माझ्याकडे टाकी आली की ती आधी अनेकदा धुतली जाते, मग पाण्याने भरली जाते आणि नंतरच टॉर्च पेटते. गिऱ्हाईक घाईत असलं तरी यात सूट नाही.

५. गाडी हवेत उडते, कोलांट्या खाते. आत माणूस असतो का?

बऱ्याचदा असतो. सीटभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा, छातीवरून पट्टे, डोक्यावर हेल्मेट. आता संगणकाने चित्र केलेल्या उड्याही असतात, पण पलट्या अजूनही पुष्कळ खऱ्या असतात. २००६च्या 'कसिनो रॉयल'मध्ये अ‍ॅडम कर्ली या स्टंट चालकाने अ‍ॅस्टन मार्टिन सात वेळा पलटी केली आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. गाडी बुटकी आणि जमिनीला धरून चालणारी, त्यामुळे नुसत्या चढणीवरून ती पलटेना. शेवटी खाली नायट्रोजनच्या दाबावर चालणारी तोफ बसवली आणि तिच्या धक्क्याने गाडी उलटवली. आपल्याकडे रोहित शेट्टी यांच्या सिनेमांत उडणाऱ्या गाड्या लोकांच्या ओळखीच्या आहेत.

६. पूर्वी गाडी दिसली की माणूस कळायचा, असं तुम्ही म्हणता. ते कसं?

पडद्यावर पांढरी अ‍ॅम्बेसेडर वळणावर दिसली की मंत्री नाहीतर मोठा अधिकारी आला, हे तंबूतल्या लहान पोरालाही कळायचं. कारण गावातही तसंच होतं. मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, ती बंगालात उत्तरपाड्याला अ‍ॅम्बेसेडर म्हणून बनायला लागली आणि २०१४पर्यंत बनत राहिली. मागच्या काचेला पडदा आणि पुढे लाल दिवा असला की गावातली माणसं आपोआप उठून उभी राहायची.

जीप आली तर फौजदार, जंगलखात्याचा साहेब किंवा पाटलाचा पोरगा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची ही वंशावळ. आमच्याकडे टिपेश्वरच्या जंगलापासून कापसाच्या जिनिंगपर्यंत सगळीकडे ती फिरायची. छत काढलेली जीप सिनेमात दिसली की आतला माणूस शिकारी नाहीतर गर्विष्ठ, हे ठरलेलं. एसटीच्या लाल गाडीतून नवा मास्तर उतरायचा, ट्रकमधून एकतर चोरीचा माल यायचा नाहीतर मनाने मोठा सरदारजी. बंडीतून सासरी निघालेली पोर यायची.

दिग्दर्शकाला एका शब्दाची गरज पडत नव्हती. आता नेता, गुंड आणि पोलीस तिघंही एकाच पांढऱ्या मोठ्या गाडीतून उतरतात. कोण कोण आहे ते मग संवादातून सांगावं लागतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

७. जुन्या काळातला सिनेमा बघताना गाडी चुकीची आहे हे कसं ओळखायचं?

चार साल पाठ ठेवा. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली, टाटा सुमो १९९४ला, बोलेरो २०००ला, स्कॉर्पिओ २००२ला. गोष्ट १९७८ची आणि मागे मारुती उभी असेल, तर चूक.

नंबराच्या पाटीवर जास्त चुका सापडतात. 'एमएच-२९' अशी जिल्ह्याचा आकडा असलेली पाटी १९८८चा मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतरची. आणीबाणीच्या काळातल्या गोष्टीत ती दिसली तर कलादिग्दर्शक घाईत होता. आपल्याकडचे आकडे असे: अमरावती २७, बुलढाणा २८, यवतमाळ २९, अकोला ३०, नागपूर शहर ३१, वर्धा ३२, गडचिरोली ३३, चंद्रपूर ३४, गोंदिया ३५, भंडारा ३६, वाशीम ३७, नागपूर ग्रामीण ४०. गोष्ट विदर्भातल्या खेड्याची आणि रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या एमएच-१२, म्हणजे चित्रण पुण्याकडे उरकलं.

८. राजदूतच्या छोट्या गाडीला 'बॉबी' का म्हणतात?

तिचं खरं नाव राजदूत जीटीएस १७५. १९७३च्या 'बॉबी'मध्ये ऋषी कपूरने ती चालवली आणि लोकांनी तिला सिनेमाचंच नाव दिलं. आजही कुणी जुन्या गाडीचे सुटे भाग मागायला आला तर 'बॉबीचा क्लच आहे का' असंच विचारतो.

९. सिनेमाच गाडीतून यायचा, म्हणजे काय?

अगदी शब्दशः. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट सरकते. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून जास्त लांब. माझ्या गॅरेजपासून पुढच्या फाट्याच्याही पलीकडे जाईल एवढी पट्टी गोल डब्यांत भरून, पेटीत घालून यायची. सिनेमाच्या धंद्यात आपला भाग आजही सीपी-बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) या इंग्रजांच्या काळातल्या नावाने ओळखला जातो आणि अमरावती हे त्याच्या वितरणाचं मोठं केंद्र होतं. तिथून एसटीच्या टपावर पेटी निघायची.

कधी एकच प्रिंट दोन गावांत चालायची. माझे काका ते काम करायचे. इकडे दुसरं रीळ सुरू झालं की पहिलं रीळ राजदूतवर घेऊन पुढच्या गावी. डबा मागच्या कॅरिअरला टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेला असायचा, कारण सुतळी खड्ड्यात सैल होते आणि ट्यूब होत नाही. एकदा पावसात नाल्याला पूर आला आणि ते तासभर अलीकडेच अडकले. पलीकडच्या टॉकीजमध्ये हिरोईन दरीत लटकलेली आणि पुढचं रीळ यांच्या मागे बांधलेलं. ते पोचले तेव्हा एकही माणूस उठून गेला नव्हता. ही आठवण सांगताना काकांचा आवाज अजून बदलतो.

जत्रेतले तंबू वेगळे. बहिरमच्या यात्रेत मी लहानपणी तंबूतला सिनेमा पाहिला. प्रोजेक्टर ट्रकच्या मागच्या भागातच बसवलेला, तिथून प्रकाशाचा झोत तंबूत पडायचा आणि बाहेर जनरेटर धडधडायचा. मी निम्मा वेळ पडद्याकडे पाठ करून त्या ट्रककडेच बघत बसलो होतो. गावोगाव खबर द्यायला भोंगा बांधलेली जीप नाहीतर ऑटो फिरायचा, दोन्ही बाजूंना रंगवलेले फलक आणि मागून गुलाबी-पिवळी पत्रकं वेचत धावणारी पोरं.

१०. जगातली सगळ्यात प्रसिद्ध सिनेमातली गाडी कोणती?

एकच नाव सांगणं कठीण आहे. जेम्स बाँडची चंदेरी अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५, १९६४च्या 'गोल्डफिंगर'मधली, बहुतेकांच्या यादीत वर असते. फिरणाऱ्या नंबरपाट्या, पुढच्या दिव्यांमागे बंदुका आणि शेजारच्याला छतातून बाहेर फेकणारी सीट. १९६६च्या 'बॅटमॅन' मालिकेतली बॅटमोबाइल ही १९५५ची लिंकन फ्युचुरा नावाची प्रदर्शनातली गाडी. जॉर्ज बॅरिस यांनी तिचा कायापालट केला आणि २०१३मध्ये ती शुल्कासह ४६ लाख डॉलरला विकली गेली.

माझी आवडती मात्र 'बॅक टू द फ्युचर'मधली डेलोरियन. १९८५चा सिनेमा. बाहेरून रंगच नाही, स्टेनलेस स्टीलचा उघडा पत्रा, स्वयंपाकघरातल्या कळशीसारखा, त्यावर बोटांचे ठसे उमटायचे. दारं पंखांसारखी वर उघडायची. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ जेमतेम नऊ हजार गाड्या बनल्या आणि १९८२मध्ये कंपनी बुडाली. बाजाराने टाकून दिलेली गाडी तीन वर्षांनी सिनेमाने अजरामर केली. ताशी ८८ मैल, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटर वेग गाठला की ती काळात उडी मारते. सुरुवातीच्या मसुद्यांत काळयंत्र म्हणजे गाडी नव्हतीच, फ्रिज होता.

११. आपल्या देशात गाडीलाच हिरो केलेला सिनेमा आहे का?

आहे. १९५८च्या 'चलती का नाम गाडी'त तीन भावांचं गॅरेज आहे आणि त्यांची जुनी १९२८ची शेवरोले. मिस्त्री लोकांना इतक्या प्रेमाने दाखवणारा दुसरा सिनेमा माझ्या पाहण्यात नाही. २००४च्या 'टार्झन: द वंडर कार'मधली गाडी दिलीप छाब्रिया यांनी टोयोटा एमआर२च्या सांगाड्यावर घडवली होती. आणि बालवाडीतल्या पोरांसाठी: 'कार्स' या २००६च्या सिनेमात गाड्यांचे डोळे दिव्यांत नाहीत, पुढच्या काचेत आहेत. म्हणून त्यांचा चेहरा माणसासारखा बोलका वाटतो.

१२. 'सैराट' पाहिल्यापासून मुलीला बुलेट शिकायची आहे. शिकवावी का?

नक्की शिकवा. २०१६ला आर्चीने पडद्यावर बुलेट आणि ट्रॅक्टर चालवला. त्यानंतर माझ्याकडे 'पोरीला शिकवता का' असं विचारणारे बाप यायला लागले, त्याआधी एकही आला नव्हता. वय १८ पूर्ण, शिकाऊ परवाना आणि हेल्मेट, एवढं आधी. शिकवताना गाडी स्टँडवर घ्यायला पहिल्यांदा शिकवा. बुलेट जड असते आणि चालवताना नाही, ढकलताना पडते.

१३. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलून दाखवतात, ते सुरक्षितपणे करता येतं का?

नाही, आणि यात माझा सूर मऊ होणार नाही. ट्रॅक्टर मागच्या धुरीभोवती उलटतो. पुढचा भाग उचलल्यावर साधारण पाऊण सेकंदात तो परत न येण्याच्या टप्प्याला पोचतो आणि दीड सेकंदात चालकाच्या अंगावर येतो. क्लच दाबायचं डोक्यात येईपर्यंत वेळ संपलेली असते. सिनेमातल्या पलटीत पिंजरा आणि पट्टे असतात (प्रश्न ५). शेतातल्या ट्रॅक्टरला बहुतेक वेळा काहीच नसतं.

१४. सिनेमातल्यासारखी काळी काच, रंग, 'दादा' लिहिलेला नंबर करून देता का?

काळी फिल्म नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये त्यावर बंदी घातली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. रंग बदलता येतो, पण आरटीओकडे नोंद करून. चेसिस कापणं किंवा कंपनीच्या मूळ रचनेत बदल हे कायद्याच्या कलम ५२मध्ये बसत नाही आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ४१४१चं 'दादा' आणि २१४चं 'राम' वाचायला छान वाटतं, पण नंबर नियमातल्या आकड्यांतच हवा. शूटिंगमध्ये दिसणारी पाटी बहुधा कॅमेऱ्यापुरती लावलेली असते.

१५. माझी जुनी जीप शूटिंगला भाड्याने मागतात. द्यावी का?

द्या, पण कागद करून. माझ्या एका गिऱ्हाइकाची जीप एका युनिटने तीन दिवसांसाठी म्हणून नेली आणि आठव्या दिवशी आणून सोडली. दुसरा गिअर टाकला की निसटत होता. मी गिअरबॉक्स उघडला तर दात घासून गुळगुळीत झालेले. लिहिलेलं काहीच नव्हतं, म्हणून खर्च त्यालाच पडला.

कागदावर किती दिवस, किती तास, डिझेल कुणाचं, मोडलं तर भरून कोण देणार आणि गाडी कोण चालवणार, हे लिहा. नेताना चारही बाजूंचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढा. जमलं तर चालक तुमचाच ठेवा. आणि एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही: पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने दिली तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. तेव्हा विम्याचं आधी विचारून घ्या.

१६. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर काही वेगळं?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. २०२१च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या खासगी दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५ हजार. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. व्यावसायिक वापर चालत नाही, म्हणून भाडं घेऊन शूटिंगला देणंही त्यात बसत नाही.

तुमच्या आजोबांची फियाट साध्या नोंदणीवर असेल आणि तुम्ही ती वेळोवेळी नूतनीकरण करत आला असाल, तर व्हिंटेज नोंदणीची घाई करू नका. बाजाराला, लग्नाला ती नेता येते, ती सोय जाईल. आधी माझ्याकडे आणा, चेसिसवरचा नंबर घासून स्वच्छ करू आणि आरसी बुकाशी जुळतो का ते बघू. निम्म्या अडचणी त्या नंबरापाशीच निघतात.